किल्लीचा मासा

४ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

आज दुकान उघडलं. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच. सकाळी एका भाजीवालीचा तराजू आला होता. पारडी रिकामी असली तरी काटा एका बाजूला जायचा. "एवढे दिवस चाललं हो, आता गिऱ्हाईकं बोलायला लागली," म्हणाली. दांडी काढून साफ केली, काटा मध्यावर आणून दिला. दुपारी किराणावाल्याची लोखंडी वजनं होती. झिजून हलकी झाली होती. पोटातल्या भोकात शिसं भरून ती पुरी केली. संध्याकाळी घरी आलो.

मागच्या खोलीत गेलो नव्हतो, आज गेलो. तिचं बाक जसं होतं तसंच आहे. गळाला आमिष म्हणून लावायचा तिचा शेवटचा लाकडी मासा अजून पकडीत अडकवलेला आहे. कोरून झालाय, पोटात शिसं बसवलंय, हनुवटीखाली पत्र्याची जीभ लावलीय. रंग राहिलाय. बाकीचे खोक्यात आहेत, प्रत्येक वेगळ्या फडक्यात गुंडाळलेला. सगळे या हिवाळ्यातले. हात चालत होता तोवर ती या हंगामाची तयारी करत होती. जुने एकूण एक पाण्यात गेले, असं तीच सांगायची. कधी दोरा तुटला, कधी शेवाळात अडकले, कधी बास जातीचा मोठा शिकारी मासा तोंडात धरून घेऊन गेला.

मला यातलं काही कळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. नावेत पाय ठेवला की मला गरगरतं. "काट्यांचा डॉक्टर, आणि स्वतःचाच काटा जागेवर नाही," असं ती म्हणायची. पण शेवटचा मासा रंगवून पुरा करावा आणि सगळे तुमच्याकडे पाठवावेत असं वाटतं. रंगाचे हात किती द्यायचे, कसे द्यायचे, तेवढं कळवा.

आईंना नमस्कार.

तुमचा,
जावई


१२ मार्च

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

पत्र मिळालं. दुकान उघडलंत ते बरं केलंत.

रंगाचं सांगतो. आधी तेलाचा एक हात द्या आणि पूर्ण मुरू द्या. मग पांढरा रंग, तो वाळला की बारीक पॉलिश पेपर. त्यावर पाठीला गडद हिरवा, पोटाला फिकट, आणि मधली रेघ दिसू देऊ नका, बोटाने पुसून एकमेकांत मिसळा. डोळा मोठा काढा. बास डोळा बघूनच झडप घालतो. शेवटी व्हार्निश, पातळ. घाई करू नका. शाळेत सुतारकाम शिकवताना मी मुलांना जे सांगायचो तेच सांगतो, ओल आत राहिली तर लाकूड फुगतं आणि सगळं सोलून निघतं.

लहानपणी ती लाकूड चावून बघायची. मऊ आहे का कडक, हे दाताने ठरवायची. म्हणून मी तिला खार म्हणायचो. तुमच्यासमोर म्हणत नव्हतो, तिला आवडलं नसतं. शेवटच्या माशाच्या शेपटीजवळ बघा, दातांचे वण असतील. तेवढ्यावर पांढरा रंग जाड लावू नका.

पाणी आता तापायला लागेल आणि बास काठाजवळच्या पाणगवतात येतील. नाववाला रोज विचारतो, "मास्तर, यंदा येणार का नाही? का मीच एकटा जाऊन गप्पा मारू माशांशी?" मी त्याला सांगितलं आहे, खोकं आलं की जाऊ. मला मासा लागला नाही तरी चालेल. तिचा मासा पाण्यातून ओढताना दोऱ्यावरच्या बोटाला जे जाणवतं, ते एकदा परत जाणवावं. यापेक्षा जास्त काही नको आहे.

आई बरी आहे. तुम्ही वेळेवर जेवता का, ते लिहा असं म्हणते.

आशीर्वाद,
बाबा


२८ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

आज खोकं पार्सलने पाठवलं. सोबत हे पत्र.

शेवटचा मासा तुम्ही सांगितलं तसा रंगवला. शेपटीजवळ दातांचे वण आहेत. तिथे रंग अगदी पातळ ठेवला आहे, बोट फिरवलं तर कळेल.

अजून एक काम केलं, ते सांगतो. रंग द्यायच्या आधी मासा मागच्या अंगणातल्या हौदात दोऱ्याने ओढून पाहिला. तो डावीकडे कलून पोहत होता. मग खोक्यातले बाकीचेही पाहिले, तेही तसेच. तुम्हाला माहीत आहे, उजवा हात दुखायला लागल्यापासून तिला ड्रिल सरळ धरता येत नव्हतं. शिशाचं भोक पोटाच्या मधोमध पडायचं ते बाजूला पडलं असणार. तिला ते कळलं असतं तर किती वाईट वाटलं असतं, असा विचार आला.

म्हणून सगळे दुकानात नेले. एकेकाचं शिसं काढलं, भोक लाकडाची खुंटी मारून बुजवलं, बरोबर मध्यावर नवीन भोक पाडून तेवढंच शिसं भरलं. तोलून पाहिलं, परत हौदात पाहिलं. आता एकही कलत नाही. बुजवल्याची खूण भुशाचं लुकण भरून, रंग जुळवून झाकली आहे. तुमच्या नजरेला कदाचित सापडेल, इतरांना नाही.

बरेच दिवस लागले. गिऱ्हाईकांची कामं बाजूला ठेवली. ती गेल्यापासून पहिल्यांदाच मला या दिवसांत भूक लागत होती. आईंना सांगा, जेवतो.

नाववाल्याला नमस्कार सांगा. मासा लागला तर कळवा.

तुमचा,
जावई


९ एप्रिल

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

खोकं मिळालं. काही मोडलेलं नाही. रंग चांगला बसला आहे. काल नाववाल्याबरोबर जाऊन आलो. सगळे सरळ पोहतात.

इकडे ऊन वाढलं आहे. तब्येतीची काळजी घ्या.

आशीर्वाद,
बाबा


१५ एप्रिल

ती. बाबांना नमस्कार.

पत्र वाचून बरं वाटलं. सरळ पोहतात हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. हौदात आणि खऱ्या पाण्यात फरक पडेल का, अशी शंका होती.

मासा लागला का ते लिहिलं नाहीत. कोणत्या रंगावर बास जास्त येतो, तेही कळवा. तिचं सामान आहे, लाकडाचे तुकडेही उरले आहेत. तुम्ही सांगाल तसे मी आणखी करून देऊ शकेन. कोरायला अवघड जाईल, पण तोल मी चुकू देणार नाही.

घरी ठीक आहे. मागच्या खोलीत आता रोज बसतो.

तुमचा,
जावई


२ मे

चि. जावईबापूंस आशीर्वाद.

हे पत्र मी लिहितेय, ह्यांना सांगितलेलं नाही. तुमचं पत्र येऊन पडलंय आणि हे उत्तर देत नाहीत. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही." लग्न झाल्यापासून मी यांचं "काही नाही" ऐकतेय. त्यातले सगळे प्रकार मला ओळखू येतात. हा वाईटातला आहे.

त्या दिवशी सकाळी खोकं घेऊन गेले ते दुपारच्या आतच परत आले. एरवी नाववाल्याने हाकलल्याशिवाय येत नाहीत. खोकं पलंगाखाली सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळी नाववाला आला होता चौकशीला. मला म्हणाला, "काकू, मास्तरांनी एकेक मासा पाण्यात टाकला, ओढला, हातात घेऊन बघितला, परत टाकला. शेवटचा ओढला आणि म्हणाले, 'चल, परत चल. हे दुसऱ्या कुणाच्या घरचे आहेत.' मला वाटलं पार्सल बदललं."

जावईबापू, पार्सल बदललेलं नाही. आता मी स्पष्टच सांगते, कारण हे जन्मात सांगणार नाहीत, आणि तुम्ही आणखी करून पाठवाल.

तिचे मासे डावीकडे कलायचे ते हात दुखत होता म्हणून नाही. ते तसेच असायचे. पहिल्यापासून. ती मुद्दाम शिसं थोडं बाजूला बसवायची. जखमी मासा तसा लंगडत पोहतो, आणि बास गवतात दबा धरून बसलेला असतो तो लंगड्यावरच झडप घालतो, असं तिचं म्हणणं. ह्यांनी जन्मभर लाकूड हाताळलं, पण यांना तो कल कधी जमला नाही. यांचे मासे सरळ जायचे आणि हिला मासे लागायचे. त्यावरून दोघांची काय भांडणं व्हायची नावेत.

तुम्ही मायेने केलंत, मला कळतं. यांनाही कळतं, म्हणून तर तोंड उघडत नाहीत. पण मला घरात हे असं बघवत नाही. तुम्हाला राग आला तर माझ्यावर काढा.

जेवत जा. नुसतं "जेवतो" लिहू नका.

आशीर्वाद,
आई


७ मे

ती. बाबांना नमस्कार.

आईंचं पत्र आलं. त्यांना काही बोलू नका. त्यांनी लिहिलं ते बरं झालं.

एवढंच लिहितो की मला हे कळायला हवं होतं, आणि माझ्याच धंद्यातून कळायला हवं होतं. बिघडलेले काटे प्रत्येकाचे वेगळे बिघडतात. एक इतका, दुसरा तितका. एका दुकानातले सगळे काटे एकाच बाजूला, एकाच मापाने झुकलेले असले तर तो बिघाड नसतो. तसं कोणीतरी लावलेलं असतं. हे मी रोज बघतो. तिचे सगळे मासे डावीकडे, आणि सारखेच कलत होते. या हिवाळ्यातला पहिला केला तेव्हा तिचा हात धड होता. शेवटचा केला तेव्हा तिला चमचा धरवत नव्हता, तरी कल तेवढाच होता. तो तेवढाच यावा म्हणून तिने त्या हाताने काय केलं असेल, ते मला आता दिसतंय. दार लावून बसायची. मी बाहेरून विचारायचो, काही मदत हवी का. "तुझ्या हातात दिलं तर तू नदीसुद्धा लेव्हलमध्ये आणशील," असं आतून उत्तर यायचं. मी हसून निघून जायचो.

मासे परत पाठवाल का? मी जुनी भोकं उकरून शिसं परत बाजूला बसवीन. पण खरं सांगायचं तर भोक नेमकं किती बाजूला होतं, किती खोल होतं, हे मी मोजून ठेवलं नाही. चूक मोजून ठेवत नाहीत. आणि काढलेलं शिसं आता नाही. मी कधी शिसं टाकून देत नाही, डब्यात ठेवतो. तेही त्याच डब्यात गेलं. मग ते वितळवलं. त्यानंतर बाजारातल्या कितीतरी वजनांत भरून दिलं. कोणाच्या दुकानात आहे ते सांगता येणार नाही.

तुम्हाला एकदाच बोटाला जाणवायला हवं होतं. तुम्ही लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि रंगाच्या कामाला लागलो.

माफ करा असं लिहिलं तर तुम्ही "काही नाही" म्हणाल. म्हणून लिहीत नाही.

तुमचा,
जावई


२० मे

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून बरेच दिवस उत्तर लिहीन म्हणतो आहे. आता बसलो.

मला राग आला होता. तो कबूल करतो. नावेत बसून मी मनात म्हटलं, या काटेवाल्याला काही वाकडं दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. नंतर आपल्याच विचाराची लाज वाटली.

शिशाचं मनाला लावून घेऊ नका. ते तिचं नव्हतंच, तुमच्याच डब्यातलं होतं. खिशात घालून आणायची आणि मला सांगून हसायची. "त्याला डबा हलका लागतो, पण तो शिशावर संशय घेतो, माझ्यावर नाही."

मासे परत पाठवत नाही. तुम्ही कल परत आणाल, पण तो तुम्ही आणलेला असेल. आहेत तसे राहू देत. तुम्ही एवढे दिवस त्यांच्यापाशी बसलात, ते त्यांच्यात आहे. सरळ पोहणाऱ्यालाही कधी मासा लागतो. मला अजून लागलेला नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ही तिने तुम्हाला सांगितली नसावी, कारण यात माझी फजिती आहे. तिने पहिला मासा केला तेव्हा शाळेत जायला नुकती लागली होती. माझं ड्रिल दोन्ही हातांनी धरून भोक पाडलं, ते साहजिकच बाजूला पडलं. मासा कलला. मी म्हटलं, आण इकडे, सरळ करून देतो. ड्रिल घेऊन उभाच होतो. तिने मासा पाठीमागे लपवला. "त्याच्या पोटात दुखतंय म्हणून तो तसा चालतोय. तुम्ही त्याला आणखी भोक पाडू नका," म्हणाली. मी ओढायला गेलो तर हाताला चावली. दुसऱ्या दिवशी रडारड नको म्हणून तोच पाण्यात टाकला, आणि त्याला जो बास लागला तेवढा मोठा नंतर मला कधी लागला नाही.

तेव्हा मीही तेच करणार होतो जे तुम्ही केलंत. मला अडवायला ती होती. तुम्हाला अडवायला नव्हती. आपल्या दोघांत फरक असला तर एवढाच आहे.

तो पहिला मासा गेलेला नाही. तुम्ही तो पाहिला आहे. आमच्या कपाटाच्या किल्लीला लटकतो तोच. गळ काढून तिनेच आईला दिला होता, किल्ली हरवते म्हणून. तुम्ही येता तेव्हा कपाटातून टॉवेल काढताना रोज हातात घेतलेला आहे. रंग पार उडालाय, लाकूड काळं पडलंय. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता आणि आम्हालाही सुचलं नाही. परवा आईने कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली. मग किल्ली सोडवून मासा माझ्यापुढे ठेवला.

काल त्याला गळ लावून नेला. नाववाल्याला वल्हं थांबवायला सांगितलं. टाकला, ओढला. बोटाला जाणवलं. एकदाच टाकला, परत टाकायचा धीर झाला नाही, तुटला तर काय घ्या.

तो तुम्हाला पाठवतो आहे. गळ काढले आहेत. तुम्ही पाण्यावर कधी आला नाहीत, ती कशी ओढायची ते तुम्ही पाहिलेलं नाही. हौदात ओढून बघा. दोरा पहिल्या बोटावर धरा, मुठीत नको. सावकाश. परत पाठवायची घाई नाही. किल्ली सध्या सुतळीला बांधली आहे.

आशीर्वाद,
बाबा


३० मे

ती. बाबांना नमस्कार.

मासा काल मिळाला. आज दुकान लवकर बंद करून आलो. जेवून घेतलं, हे आईंना सांगा. दोन्ही वेळा जेवलो.

हौद घासून स्वच्छ पाण्याने भरला. दोरा बांधला, पहिल्या बोटावर धरला, सावकाश ओढला. तो डावीकडे कलला आणि तसाच कललेला आला. बोटाला एक ओढ लागते, मग जरा सैल होतं, मग परत ओढ. शेवटच्या दिवसांत ती जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात टाकायची, प्रत्येक पायरीला भार पडायचा आणि उतरायचा. तसंच होतं. तुम्ही बोटाला जाणवतं असं लिहिलं होतं, ते मला आता कळलं.

हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा ओढला. माझा हात खिशातल्या पेचकसाकडे एकदा गेला, सवयीने. पेचकस काढून खिडकीत ठेवला.

पकडीत आता काही नाही, म्हणून लाकडाचा एक तुकडा लावून ठेवला आहे. कोरीन की नाही माहीत नाही. कोरला तर सरळच पोहणारा होईल, दुसरा मला येणार नाही. येत्या रविवारी तिकडे येतो. मासा मीच घेऊन येतो, टपालाचा भरवसा नको. आईंची किल्ली परत त्याला अडकवू. नाववाल्याला विचारून ठेवा, गरगरणाऱ्या माणसाला तो कुठे बसवतो.

अंधार पडायच्या आधी मासा पुसून फडक्यात गुंडाळला. तिच्या बाकावर ठेवला. मग हौदाचं बूच काढलं. सकाळी भिजवलेला शर्ट बादलीत राहिला होता. एकच होता, माझा. तो पिळला आणि दोरीवर वाळत घातला.

तुमचा,
जावई